अणुऊर्जेला नुसता विरोध नको, अणुऊर्जेत वाटा हवा!

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले हसनाबाद आणि पालघर जिल्ह्यातले तारापूर यांच्यात तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. तारापूरचे नाव हसनाबादच्या माणसाला शाळेच्या पुस्तकातून माहीत झालेले. तिथे अणूपासून वीज तयार होते, एवढे त्याला ठाऊक असते. पण ती वीज कुणाच्या मालकीची, तिच्यासाठी कुणाची घरे गेली आणि पुढच्या पन्नास वर्षांत मराठवाड्यातल्या खेड्याला वीज मिळणार कुठून, हे प्रश्न त्याच्यापर्यंत कुणी नेत नाही. ऊर्जेचे धोरण म्हणजे दिल्लीतल्या तज्ज्ञांचा आणि मुंबईतल्या भांडवलदारांचा विषय, असे ठरवून टाकलेले आहे. डीपी जळाली की पंधरा-पंधरा दिवस अंधारात बसायचे ते वस्तीने आणि धोरण ठरवायचे ते दुसऱ्यांनी, अशी ही वाटणी आहे.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, अणुऊर्जा ही भविष्याची गरज आहे आणि आंबेडकरी समाजाने तिच्याकडे भीतीने नव्हे, तर हक्काने पाहिले पाहिजे. मात्र हा हक्क मागताना मालकी कुणाची, जबाबदारी कुणाची आणि ज्ञान कुणाच्या हाती, हे तीन प्रश्न सोडून चालणार नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे न घेता दिलेला पाठिंबा आंधळा ठरेल आणि ती उत्तरे न मागता केलेला विरोधही आंधळाच ठरेल.

बॉम्ब वेगळा, वीज वेगळी

प्रथम एक गोष्ट बाजूला काढली पाहिजे. 18 मे 1974 रोजी पोखरणला पहिला अणुस्फोट झाला आणि 'बुद्ध हसला' असा सांकेतिक निरोप त्यासाठी वापरला गेला. 11 मे 1998 रोजी पुन्हा चाचणी झाली ती तर बुद्धपौर्णिमेच्याच दिवशी. ज्या तथागताने जगाला करुणा शिकवली, त्याच्या नावाने संहाराच्या अस्त्राची चाचणी करावी, ही या देशातील सत्ताधाऱ्यांची सांस्कृतिक बुद्धी! बौद्ध समाजाला याची चीड येणे स्वाभाविक आहे आणि ती आलीच पाहिजे. पण बॉम्बविषयीची ही चीड वीजकेंद्रावर काढणे बरोबर नाही. लोखंडाची तलवारही होते आणि नांगराचा फाळही होतो. फाळ हवा की तलवार, हे समाजाने ठरवायचे असते. आम्ही येथे फाळाविषयी बोलत आहोत.

विजेविषयी बाबासाहेब काय म्हणाले?

घटनाकार म्हणून बाबासाहेब सर्वांना माहीत आहेत. पण जुलै 1942 ते जून 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी या देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला, हे किती जणांना सांगितले जाते? पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीपुढे त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तेथे उघडपणे मांडला. वीज स्वस्त असावी आणि मुबलक असावी, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगाशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून या देशाची सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच काळात. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही त्यांनीच केली.

ही काही अचानक सुचलेली गोष्ट नव्हती. 1918 सालीच भारतातील लहान शेतजमिनींविषयी लिहिताना त्यांनी दाखवून दिले होते की, शेतीवर माणसांचा बोजा फार झाला आहे आणि त्यावरचा उपाय तुकडे जोडण्यात नसून उद्योगधंदे वाढवण्यात आहे. गांधीवादी मंडळी चरख्याचे गोडवे गात होती, तेव्हा बाबासाहेब यंत्राची बाजू घेत होते. यंत्र माणसाला पशूसारख्या कष्टातून सोडवते आणि त्याला फुरसत देते. फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे ते सांगत होते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे ओझे वाहण्यात गेल्या, त्यांना यंत्राचे मोल कुणी शिकवावे लागत नाही.

आणखी एक आठवण येथे दिली पाहिजे. डिसेंबर 1943 मध्ये मजूरमंत्री बाबासाहेब धनबाद परिसरातील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले होते. मजूर कोणत्या अवस्थेत राबतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि 1944 साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. म्हणजे बाबासाहेबांना वीज हवी होतीच, पण ती कुणाच्या फुप्फुसाच्या मोलाने येते, याचा हिशेबही त्यांनी सोडला नव्हता. अणुऊर्जेचा विचार करताना आम्हाला हाच दुहेरी हिशेब मांडायचा आहे.

मराठवाड्याचा अंधार

सन 2005 नंतरची काही वर्षे आठवा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन होते. दहावीची पोरे कंदिलावर अभ्यास करीत आणि पिठाची गिरणी वीज कधी येते याची वाट पाहत बसे. ज्या फीडरवर वसुली कमी, त्या फीडरवर अंधार जास्त, असे गट पाडण्यात आले होते. गरिबीलाच गुन्हा ठरवण्याची ती पद्धत होती. भारनियमन ओसरले, तरी शेतीपंपाला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्री, ही पाळी वर्षानुवर्षे चालू राहिली. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस बहुधा मालक नसतो. तो सालगडी असतो, मजूर असतो. साप चावतो तो त्याला.

वस्तीपर्यंत वीज पोहोचायलाही किती काळ लागला, पाहा. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना वीजजोडणी देण्यासाठी महावितरणने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना' सुरू केली ती 14 एप्रिल 2021 रोजी. पाचशे रुपयांची अनामत पाच हप्त्यांत भरण्याची सवलत त्यात होती. योजना चांगली, पण स्वातंत्र्याला चौऱ्याहत्तर वर्षे होत आली असताना अशी योजना काढावी लागते, याचा अर्थ तोवर मागासवर्गीयांची घरे अंधारात होती, एवढाच होतो.

आता मराठवाड्याची स्वतःची वीज कुठली? बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र. 2013 च्या दुष्काळात खडका धरणातील पाणी आटले आणि हे केंद्र बंद करावे लागले. 2015 मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा जाळून वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी लागते. जालना, बीड, लातूर, उस्मानाबाद हे जिल्हे पाण्यासाठी तडफडत असताना माणसाला पाणी द्यायचे की बॉयलरला, असा प्रश्न उभा राहिला. 2016 मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुष्काळ पडला की पीक जाते आणि वीजही जाते, ही मराठवाड्याची दुहेरी शिक्षा आहे.

विदर्भात पाहिले तर चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा. दीक्षाभूमीच्या नागपूरला लागून असलेल्या कोराडी-खापरखेड्याच्या राखेने भोवतालच्या गावांतील विहिरी, शेते आणि छाती भरून गेल्या. राखेच्या तलावाशेजारी बंगले नसतात. तिथे वस्त्या असतात. कोळशाची वीज स्वस्त म्हणतात. पण मजुराच्या दम्याचा आणि वाया गेलेल्या शेताचा खर्च त्या बिलात कधी लिहिला जातो काय?

अणुविजेचे गणित

अणुवीज म्हणजे काही जादू नाही. युरेनियमचा अणू फुटताना प्रचंड उष्णता निघते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर जनित्र फिरते. पुढचा सगळा कारखाना औष्णिक केंद्रासारखाच. फरक आहे तो इंधनात. आपल्या देशी बनावटीच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून साधारण 50 हजार युनिट वीज मिळते. तेवढ्याच विजेसाठी सुमारे 35 टन कोळसा जाळावा लागतो. म्हणजे एका हातात मावेल एवढे इंधन एका बाजूला आणि ट्रकमागून ट्रक दुसऱ्या बाजूला. राख नाही, धूर नाही. हवामान बदलाचा जो कार्बन वायू, तो सगळी साखळी धरूनही कोळशाच्या मानाने नगण्य.

तारापूरची पहिली दोन युनिटे 1969 मध्ये सुरू झाली. ती अमेरिकन बनावटीची होती. तिसरे आणि चौथे युनिट प्रत्येकी 540 मेगावॅटचे, आपल्याच अभियंत्यांनी उभारलेले. ते 2005 आणि 2006 मध्ये वीज देऊ लागले. शेजारच्या गुजरातेत काकरापार येथे 700 मेगावॅटची दोन देशी युनिटे 2023 आणि 2024 मध्ये व्यापारी उत्पादनाला लागली. कारवारजवळच्या कैगा केंद्रातील पहिले युनिट 2018 मध्ये सलग 962 दिवस चालून जागतिक विक्रम करून गेले. म्हणजे हे तंत्र आपल्याला येते. तरीही देशातील एकूण विजेत अणुविजेचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि कोळशाचा जवळजवळ तीन चतुर्थांश.

समुद्राच्या पाण्यावर चालणारे अणुकेंद्र दुष्काळात बंद पडत नाही, हाही मुद्दा मराठवाड्याने लक्षात घ्यावा. अणुकेंद्र हसनाबादला उभारा, असे कुणी म्हणणार नाही. त्याला लागणारे पाणी येथे नाही. पण तारेतून आलेली वीज ती कुठे तयार झाली हे विचारत नाही. गोदावरी आटली तरी अरबी समुद्र आटत नाही.

सौरऊर्जा आहे, मग अणुऊर्जा कशाला?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे. सौरऊर्जा स्वस्त झाली आहे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळाली तर सालगड्याचा रात्रीचा फेरा वाचेल. म्हणून सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. पण सूर्य मावळल्यावर वस्तीतला दिवा, प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज आणि जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यातल्या भट्ट्या कशावर चालणार? बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, हे खरे. परंतु पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरलेले असताना सगळ्या राज्याची गरज बॅटरीवर भागवणे ही सोपी गोष्ट नाही. त्या वेळी आज मदतीला धावतो तो कोळसाच.

आणि दुसरा प्रश्न जमिनीचा. तो आमच्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. एक मेगावॅट सौर प्रकल्पाला साधारण चार एकर जमीन लागते. एक हजार मेगावॅटचे अणुकेंद्र वर्षाला सुमारे 700 कोटी युनिट वीज देते. तेवढी वीज सौर पट्ट्यांतून काढायची तर चार हजार मेगावॅटचे प्रकल्प आणि सोळा हजार एकर जमीन हवी. ही जमीन कुठून येणार? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शासकीय जमिनी दिल्या जात आहेत आणि त्यात गायरानेही आहेत. मराठवाड्यात गायरान म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1964-65 मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनींसाठी. ज्या दोन-तीन एकरांवर भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळत आली, त्यांना 'अतिक्रमणधारक' ठरवून तिथे काचेचे पट्टे उभे केले, तर ती हरित ऊर्जा आम्हाला हिरवी कशी दिसेल? कमी जमिनीत जास्त वीज देणारे तंत्र भूमिहीनांच्या हिताचे आहे. पर्यावरणवाद्यांच्या चर्चेत हा मुद्दा येत नाही, कारण त्या चर्चेत भूमिहीन नसतो.

भीती खरी की खोटी?

26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिल झाले. 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये प्रचंड भूकंप होऊन त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या भट्ट्या वितळल्या. लोकांच्या मनात भीती बसली. ही भीती अडाणीपणाची आहे, असे म्हणणाऱ्या तज्ज्ञांचा उद्धटपणा आम्हाला मान्य नाही. पण भीतीलाही आकड्यांची कसोटी लावली पाहिजे. तथागतांनी सांगितले तसे, ऐकीव गोष्ट तपासून घेतली पाहिजे. 2007 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या युरोपातील अंदाजानुसार दर शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशाच्या प्रदूषणाने सुमारे 24 ते 25 माणसे मरतात. अणुविजेच्या बाबतीत हा आकडा एकाच्याही बराच खाली आहे. कोळसा रोज मारतो, गुपचूप मारतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

फुकुशिमाचा खरा धडा वेगळाच आहे. भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षाही जवळ असलेले ओनागावा येथील अणुकेंद्र त्याच त्सुनामीत सुखरूप राहिले, कारण ते पुरेशा उंचीवर बांधले होते. आजूबाजूच्या घरे गेलेल्या लोकांनी त्या केंद्रातच आसरा घेतला! फुकुशिमात मात्र धोक्याच्या सूचना कानाआड केल्या गेल्या. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने 2012 मध्ये ही आपत्ती मानवनिर्मित असल्याचे सांगितले. कंपनी आणि तिच्यावर देखरेख करणारे सरकारी अधिकारी यांची मिलीभगत त्याला कारण झाली. अणूपेक्षा साटेलोटे धोकादायक, असाच याचा अर्थ.

किरणोत्सारी कचऱ्याचा प्रश्नही आहे. तो आकाराने थोडा असतो, पण हजारो वर्षे सांभाळावा लागतो. तारापूरला असा कचरा काचेत बंदिस्त करण्याचे तंत्र वापरात आले आहे. जर्मनीने एप्रिल 2023 मध्ये आपली शेवटची अणुकेंद्रे बंद केली, तेव्हा तिथली कोळशाची केंद्रे धूर ओकतच होती. हा मार्ग आपण धरू नये.

किंमत कुणी मोजली?

येथवर आम्ही बाजू मांडली. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनासाठी तिथल्या मच्छीमारांना आणि शेतमजुरांना न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रासाठी मे 1976 मध्ये, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनी उद्ध्वस्त करण्यात आली आणि हजारो कुटुंबे चिता कॅम्पच्या खाजणात फेकली गेली. झारखंडमधील जादुगोडा येथे युरेनियमची खाण आहे. तिथल्या आदिवासींनी खाणीच्या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. रत्नागिरी जिल्ह्यात माडबन आणि परिसरात जैतापूर प्रकल्पासाठी सुमारे 938 हेक्टर जमीन घेतली गेली आणि 18 एप्रिल 2011 रोजी पोलिसांच्या गोळीबारात आंदोलनातला एक तरुण मारला गेला. 9,900 मेगावॅटचे स्वप्न दाखवणाऱ्या त्या फ्रेंच प्रकल्पातून आजवर एक युनिटही वीज निघालेली नाही.

ही सगळी माणसे कोण? मच्छीमार, आदिवासी, मुस्लिम, दलित, भूमिहीन. धोका यांच्या वाट्याला आणि प्रकाश दुसऱ्यांच्या घरात! गावगाड्यात जशी घाण उपसण्याची कामे विशिष्ट जातींवर लादली, तशी विकासाची घाणही विशिष्ट समाजांवर लादण्याचा हा प्रकार आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, जिथे अणुकेंद्र येईल तिथे ग्रामसभेची खरी संमती हवी आणि 2013 च्या भूसंपादन कायद्याने ज्यांना बाधित मानले आहे त्या भूमिहीन मजुरांना आणि मच्छीमारांनाही जमीनमालकाइतकीच मोजदाद हवी. जैतापूरसारख्या महागड्या परदेशी भट्ट्यांच्या मागे धावण्याचेही कारण नाही. त्याच जातीची फ्रान्समधील फ्लामानव्हिल येथील भट्टी 2007 मध्ये बांधायला घेतली, ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये! आपली 700 मेगावॅटची देशी भट्टी आहे. तिच्यावर भर द्यावा.

मालकी जनतेची की कंपनीची?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच. 1947 साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली होती की, मूलभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे कोणत्याही सरकारला ते बदलता येणार नाही. ती मागणी मान्य झाली नाही. परिणाम आपण पाहतो आहोत.

अणुऊर्जा मात्र 1962 च्या कायद्यामुळे दीर्घकाळ सरकारच्या हाती राहिली. 2010 मध्ये अणुअपघाताच्या दायित्वाचा कायदा झाला. भोपाळचा घाव ताजा होता, म्हणून त्यातील कलम 17(ब) ने सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादारालाही जबाबदार धरण्याचा मार्ग ठेवला. परदेशी कंपन्यांना हे कलम कधीच रुचले नाही. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा मंजूर केला, जुने दोन्ही कायदे मोडीत काढले, खासगी कंपन्यांसाठी अणुवीज क्षेत्राचे दार उघडले आणि पुरवठादारावरची ती जबाबदारी सैल करून टाकली. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कमकुवतपणावर 2012 मध्ये कॅगने बोट ठेवले होते; त्या मंडळाला या कायद्याने कायदेशीर दर्जा दिला, एवढी गोष्ट स्वागतार्ह आहे. पण नफा कंपनीचा आणि अपघात झाला तर मरण जनतेचे, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही.

भोपाळमध्ये 1984 साली हजारो माणसे मेली आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. महाराष्ट्राने तर एन्रॉनही पाहिले आहे. दाभोळच्या त्या वीजेचा दर राज्याला झेपेना आणि 2001 मध्ये वीज मंडळाला खरेदी थांबवावी लागली. खासगीकरणाची ही दोन स्मारके डोळ्यांपुढे असताना अणुभट्टी शेअर बाजाराच्या हवाली करायची? सरकारी मालकी म्हणजे सगळे निर्मळ, असा आमचा भाबडा समज नाही. पण सरकारी केंद्राला माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारता येतो, संसदेत जाब मागता येतो आणि तिथल्या नोकरीत आरक्षण असते. खासगी कंपनीच्या फाटकावर यातले काहीच चालत नाही. खासगीकरण झाले की आरक्षण आपोआप मरते, हे वेगळे सांगायला हवे काय?

ज्ञानाच्या दारावरचा पहारा

आरक्षणाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट समाजासमोर ठेवतो. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशात आरक्षण देणारा 2006 चा कायदा झाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात ज्या संस्थांना आरक्षणातून वगळले, त्यात होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिचे घटक आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पाक्कमचे संशोधन केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्था ही नावे त्यात येतात. कारण काय, तर या 'उत्कृष्टतेच्या' संस्था! म्हणजे जनता कॉलनी पाडताना आमची माणसे चालतात, भट्टीतील साफसफाईला कंत्राटी कामगार म्हणून आमची माणसे चालतात. पण अणूचे शास्त्र शिकायला आमच्या पोरापोरींनी राखीव जागेवर बसायचे नाही. वेद ऐकण्याची बंदी गेली आणि तिच्या जागी परिशिष्ट आले.

अणुऊर्जेला नुसता विरोध केल्याने ही भिंत पडणार नाही. उलट, आपण बाहेर उभे राहून घोषणा देत राहिलो, तर आतले लोक निवांत राहतील. सरकारने 2047 पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचे लक्ष्य जाहीर केले आहे. 2025 मध्ये ही क्षमता नऊ हजार मेगावॅटलाही पोहोचलेली नव्हती. हे लक्ष्य पुरे होवो न होवो, त्यासाठी हजारो अभियंते, तंत्रज्ञ, वेल्डर, किरणोत्सार मोजणारे कर्मचारी लागणार आहेत. ते कोण असतील, हे आज ठरते आहे.

मागायचे ते मागू या

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात तिथले व्यापारी-कारागीर इतके संपन्न होते की, सांची आणि भरहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत त्या नगरीचे नाव कोरलेले आहे. ती संपन्नता कोरडवाहू शेतीतून आलेली नव्हती. ती हुन्नरातून आणि व्यापारातून आलेली होती. आज त्याच तालुक्यातील तरुण वाळूज आणि पुण्याच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातो. कारखाना त्याच्या तालुक्यात यायचा असेल तर चोवीस तास, बारा महिने, दुष्काळातही न तुटणारी वीज लागेल. तशी वीज देण्याची ताकद अणुऊर्जेत आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. अणुकेंद्रे जनतेच्या मालकीची ठेवा. पुरवठादाराची जबाबदारी कायद्यात परत आणा. नियामक मंडळाला खरी स्वायत्तता द्या आणि किरणोत्साराची मोजमापे गावच्या चावडीवर मराठीत लावा. विस्थापित भूमिहीनांना आधी घर द्या, मग पाया खणा. कंत्राटी कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सार पडला याची नोंद आयुष्यभर ठेवा आणि त्याच्या उपचाराचा खर्च उचला. 2006 च्या कायद्यातले ते परिशिष्ट रद्द करा. आणि गायरान कसणाऱ्याला हात लावू नका.

येत्या 14 एप्रिलला गावोगाव मिरवणुका निघतील, रोषणाई होईल. त्या रोषणाईची वीज कोळशाच्या राखेतून येते, हे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी विहारात बसून एकदा बोलले जावे. हसनाबादच्या, भोकरदनच्या, जालन्याच्या शाळांत विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना बाबासाहेबांचे 1943 चे ते भाषण वाचायला द्यावे आणि भौतिकशास्त्राचे पुस्तकही द्यावे. मते मागायला येणाऱ्यांना, मग ते निळ्या झेंड्याचे असोत की अन्य कुठल्या, अणुवीज कुणाच्या मालकीची ठेवणार, असा सवाल समाजाने विचारावा. जो समाज वीज फक्त वापरतो, तो बिल भरतो. जो समाज वीज तयार करायला शिकतो, तो देश चालवतो. कोणत्या रांगेत उभे राहायचे, ते आपण ठरवायचे आहे. जय भीम!